उताण्या घराचा ओटा

सोयाबीनचा धुरळा यंदाही घरात आला. मागच्या शेतात हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र लागलं, की आधी त्याची घरघर ऐकू येते. मग थोड्या वेळानं जाळीच्या भिंतीतून पिवळट भुसा आत उतरायला लागतो. दुपार कलेपर्यंत सिमेंटच्या टेबलावर एवढा थर बसतो की बोटानं रेघ ओढावी. मी ओढतोच. सगळी नोकरी चित्रकलेचा मास्तर म्हणून गेली, रिकामी जागा दिसली की हात स्वस्थ बसत नाही. दोन उभ्या रेघा, त्यांच्या टोकांपासून मधोमध खाली उतरणाऱ्या दोन तिरप्या. झालं आमचं घर. ते फडक्यानं पुसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचं.

पावसात मला काही आठवत नाही. कुठं गळतंय हे बघण्यातच माझा पावसाळा जातो. माझ्या आठवणी या भुशाबरोबर येतात. नाक चुरचुरतं, डोळ्यांत बारीक काही तरी जातं, आणि मागच्या वर्षीचे हेच दिवस समोर उभे राहतात. तेव्हा घराची अर्धी फरशी घासून झाली होती, अर्धी राहिली होती, दारासमोर मलब्याचा ढीग होता आणि माणूस म्हणून या घरात मी एकटा होतो. ते दिवस वाईट होते असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसं म्हणवत नाही.

मालेगावातून वाशीमच्या रस्त्याला लागलं, की दुकानं विरळ होत जातात आणि डाव्या हाताला हे घर दिसतं. गावात कुणालाही विचारा, उताणं घर कुठं आहे. जगातली छपरं दोन्ही बाजूंना बाहेर उतरतात, आमचं मात्र दोन्ही बाजूंनी आत उतरतं. पाणी मधल्या पन्हळीत गोळा होतं आणि मागच्या हौदात पडतं. बांधून झालं तेव्हा लोक सायकलवरून उतरून बघायचे म्हणे. मिस्त्रीनं नकाशा उलटा धरला असणार, अशी एक थट्टा मी लहानपणी इतक्यांदा ऐकली, की शाळेत कुणी तोंड उघडलं की मीच ती आधी सांगून टाकायचो.

नकाशा माझ्या बाबांनी काढला होता आणि तो कुणी उलटा धरलेला नव्हता. बाबा सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. आमच्या घराण्यातले पहिले पगारदार. छप्पन साली ते नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले, आणि त्यानंतर काही वर्षांनी खात्यानं त्यांना प्रशिक्षणासाठी चंदिगडला धाडलं. तिथून परतले ते डोक्यात ऊन आणि काँक्रीट भरून. वस्तीत मातीच्या छपरांची धाब्याची घरं होती, गावात वाडे होते. बाबांना दोन्ही नको होतं. ज्या घराकडे बघून आत राहणारा कोण, कुठला, हे कळणार नाही असं घर त्यांना हवं होतं. वाड्याची नक्कल करायची तर वाड्यातली माणसंही मनात येतात, असं ते म्हणायचे. म्हणून मग नक्षी नाही, कमान नाही, उंबरठासुद्धा नाही. येणाऱ्याला अडखळायला काही नको. पुढची सगळी पश्चिम भिंत सिमेंटच्या जाळीची. पुढच्या खोलीत भिंतीतूनच निघालेलं टेबल आणि कोपऱ्याला धरून वळलेला बाक. हिरव्या आणि दुधी रंगाच्या खड्यांची मोझॅक फरशी. आणि सगळं घर जमिनीपासून उचलल्यासारखं, कारण जोतं भिंतीच्या आत ओढून घेतलेलं. संध्याकाळी त्या खाचेत सावलीची एक सलग काळी पट्टी पडायची आणि घर तरंगायचं. ती पट्टी म्हणजे बाबांचा जीव होता.

जाळीचा साचा त्यांनी लाकडाचा केला होता, आणि अंगणात बसून मायनं एकेक जाळी पाडली होती. माझ्या सगळ्यात जुन्या आठवणीत ओल्या सिमेंटचा वास आहे आणि मायचे मनगटापर्यंत राखाडी झालेले हात आहेत.

मी रिसोडच्या शाळेत नोकरी केली, तिथंच संसार केला. शकूचं, म्हणजे माझ्या बायकोचं, या घराशी कधी जमलं नाही. सुटीत आलो की म्हणायची, सगळीकडून उघडंवाघडं घर तुमचं, साडी बदलायची तर कोपरा नाही. माय-बाबा गेल्यावर घर बियाण्याच्या गोदामासाठी भाड्यानं दिलं. वर्षानुवर्षं पोती, औषधाचा वास, भिंतीवर तेलरंग. मी निवृत्त झालो. मग शकू आजारी पडली आणि गेली. रिसोडच्या घरात तिचं सगळं जागच्या जागी होतं, त्यामुळे मला तिथं बसता येईना. मुलगी, प्रज्ञा, पुण्याला चला म्हणाली. गेलो, राहिलो, आणि बाराव्या मजल्यावरून खाली बघून बघून परत आलो. मग भाडेकरूला उठवलं आणि ठरवलं की बाबांचं घर बाबांनी काढलं होतं तसं करायचं.

खरं कारण सरळ लिहितो. मला एकटं वाटत होतं. घर होतं तसं झालं, तर आपणही होतो तसे होऊ असं काहीसं मनात होतं. म्हाताऱ्या माणसाला असले पोरकट हिशेब सुचतात आणि ते कुणाला सांगता येत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलो की वास्तू जपली पाहिजे.

काम रऊफ मिस्त्रीकडे दिलं. माणूस कामाचा पक्का, पण त्याच्या मते गळणाऱ्या घरावर एकच इलाज, वरून टिनशेड ठोकायचं. आमच्या भागात निम्म्या घरांच्या डोक्यावर ती निळी टोपी आहेच. मी नाही म्हणालो. मग तो म्हणाला, खिडक्या तरी ॲल्युमिनियमच्या सरकत्या करू. मी नाही म्हणालो. जाळी बाजारात तयार मिळते, मशीनवरची, एकसारखी. त्यालाही नाही म्हणालो आणि जुन्या जाळीचं माप घेऊन सुताराकडून साचा करून आणला. रऊफनं तो साचा उलटसुलट करून पाहिला, विडी पेटवली आणि म्हणाला, "सर, जुनं घर नवं करा म्हननारे लय भेटले. जुनं घर जुनंच करा म्हननारे तुमी पयले." यात कौतुक किती आणि चिंता किती, हे मी विचारलं नाही.

पण त्या कामात सुख होतं. पन्हळीतलं सडकं डांबर खरवडून काढलं, उतार नीट करून घेतला, पाणी सोडून पाहिलं आणि ते बाबांनी सांगितलेल्या वाटेनं गुमान हौदात गेलं, तेव्हा मी एकटाच छपराच्या कडेला उभा राहून हसलो. घिसाईचं, म्हणजे फरशी घासायचं मशीन फिरलं आणि तेलरंगाच्या, गोंदाच्या, बियाण्याच्या औषधाच्या थराखालून हिरवे खडे वर आले. लहानपणी त्यातल्या एका मोठ्या खड्याला मी बेडूक म्हणायचो. बेडूक आपल्या जागेवर होता. मी वळून कुणाला तरी दाखवायला गेलो. मागं मशीनवाला होता आणि त्याच्या कानात कापूस होता.

तसं पुढं वारंवार व्हायला लागलं. एखादी गोष्ट जमली की मान आपोआप मागं वळायची. घर जसजसं उघडं, स्वच्छ, बाबांच्या रेघांसारखं नितळ होत गेलं, तसतसा त्यातला माझा एकटेपणाही स्पष्ट दिसायला लागला. अडगळ असते तेव्हा माणूस तिच्यात लपतो. या घरात लपायला बाबांनी जागाच ठेवली नव्हती. शकूचं म्हणणं मला तेव्हा पटलं, आणि तेही तिला सांगता आलं नाही.

अर्धी फरशी सोडली तर नकाशाबरहुकूम सगळं होत आलं आणि शेवटी ओटा उरला.

हा ओटा नकाशात नव्हता. घर बांधून वर्षही झालं नसेल, तेव्हा बाबा शेलूबाजारकडच्या एका रस्त्याच्या कामावर गेले होते, मुक्कामाला. ते परत आले तर घराच्या दर्शनी भिंतीला चिकटून दगडांचा एक ढोबळ चौथरा उभा. मायनं वस्तीतल्या दोन-तीन बायांना घेऊन उरलेल्या दगडांतून आणि सिमेंटातून तो रचला होता. त्याला ओटा म्हणणंही चूकच, कारण त्यावर कुणाला बसता यायचं नाही. मोठ्या माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच. वरून रस्त्याच्या बाजूला किंचित झुकलेला, आणि एका अंगाला वाकडा. तरंगणाऱ्या घराची सावलीची पट्टी त्यानं बरोबर मधोमध खाऊन टाकली होती.

उंची तेवढी का, हे वस्तीत लहान पोरालाही माहीत होतं. ज्यांनी कधी डोक्यावर भारा वाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गवताचा, पऱ्हाट्यांचा, कडब्याचा जड भारा बाईला एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नाही, आणि धड उतरवताही येत नाही. टाकला तर सुटतो, मान लचकते. दुसऱ्या माणसानं हात लावावा लागतो. वाटेत दम घ्यायचा तरी कुणीतरी हवं. वाटेवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचं, हात लावा हो जरा. आणि आमच्या वस्तीतल्या बाईनं तसं म्हटलं, की रस्त्यानं जाणारा माणूस ऐकू न आल्यासारखा पुढं जायचा. भाऱ्यापर्यंत यायचं म्हणजे तिच्याजवळ यायचं. ओझ्याखाली मान ताठ धरून, आपल्यातलं कुणी दिसेपर्यंत ती तशीच उभी. माय लग्नाआधी अशी पुष्कळ उभी राहिली होती. म्हणून तिनं असा ओटा केला की बाईनं त्याला पाठमोरं व्हावं, गुडघ्यात थोडं वाकावं आणि भारा मागं सरकवून द्यावा. दम घ्यावा, कडेला ठेवलेल्या माठातलं पाणी प्यावं, मग भाऱ्याखाली डोकं घालून तो ओढून घ्यावा आणि चालू लागावं. कुणाला काही म्हणायचं नाही.

बाबांनी घडीची मोजपट्टी काढून ओटा मोजला आणि नकाशात हा नाही म्हणाले. मायचं उत्तर आमच्या घरात पुढं कायमचं राहिलं. "तुमच्या नकाशात रस्ता हाये. रस्त्यानं येनारी बाई कुठं हाये?"

बाबांनी मोजपट्टी मिटली, पण ओटा त्यांनी कधी आपला मानला नाही. दरवर्षी घराला चुना लागायचा तो ओट्याच्या कडेपर्यंत येऊन थांबायचा. मग माय एक वेगळं डबडं घेऊन ओटा रंगवायची. दोन पांढऱ्यांत थोडा फरक राहायचाच. आम्ही पोरं त्यावर चढून पाय सोडून बसायचो. संध्याकाळी बायांची रांग यायची, सगळ्या वस्त्यांतल्या, सगळ्या जातींतल्या. ओझं उतरवायला मायचा ओटा सगळ्यांना चालायचा.

हे सगळं माहीत असूनही मी ओटा पाडायचं ठरवलं. अजाणतेपणी नाही, चांगला विचार करून. आता भारे वाहतो कोण? सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आले, बाया पिकअपमध्ये बसून शेतावर जातात, चारा ऑटोतून येतो. प्रज्ञाला फोटो पाठवला तर ती म्हणाली, बाबा, त्या चौथऱ्यानं अख्खं एलिव्हेशन बिघडतं, मूळचं घर दिसतच नाही. माझंही मत तेच होतं. मायचं काम संपलं होतं असं मी धरलं. मूळ आराखडा म्हणजे बाबांचा आराखडा, हे तर माझ्यासारख्या रेघा शिकवणाऱ्या माणसाला विचारायचीही गरज नव्हती.

रऊफच्या माणसांनी सकाळी घण घातले. ओटा वाटला होता त्यापेक्षा चिवट निघाला. दुपारनंतर पडला. ऊन कललं तेव्हा मी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो. सावलीची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पडली होती आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा घर तरंगत होतं. देखणं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रज्ञाला फोटो पाठवला, तिनं टाळ्यांची चित्रं पाठवली.

त्याच संध्याकाळी रऊफ म्हणाला, आता दिवाळीच्या तोंडापर्यंत काम बंद. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, सगळे मजूर तिकडे. दरवर्षीच असं होतं. या दिवसांत आमच्याकडे विळा धरता येणारा माणूस दुसऱ्या कामाला मिळत नाही. तो मलबा तिथंच टाकून गेला, मशीन ताडपत्रीखाली झाकून गेला, आणि मी राहिलो.

मागच्या वर्षीचे ते दिवस. सकाळी रस्त्यानं पिकअप जायच्या, बायांनी भरलेल्या, हसण्याबोलण्याचा एक तुकडा जाळीतून आत यायचा आणि निघून जायचा. मग दिवसभर हडंब्याची घरघर. वस्तीतली निम्मी माणसं शेतात, उरलेली दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेली. मलाही चला म्हणाले होते. घर उघडं टाकून कसं येऊ म्हणालो. घरात चोरून न्यावं असं काही नव्हतं. दोन माणसांचा वरणभात करायचा आणि एकाचा उरायचा. कोपऱ्याच्या बाकावर बाबांनी पाच माणसांची बैठक मोजून ठेवली होती, मी जागा बदलून बदलून बसायचो. दुपारी जाळीची सावली फरशीवरून सरकत सरकत बेडकापर्यंत यायची. तेवढं बघण्यासारखं होतं. फोनवर प्रज्ञा विचारायची, कसं वाटतंय घरात? छान, म्हणायचो.

अशाच एका संध्याकाळी बाहेरून हाक आली. "सर, हाय का कोनी घरात? हात लावा बरं थोडा."

मला चपला सापडेनात. अनवाणीच धावलो आणि मलब्याच्या दगडावर पाय ठेचला. बाहेर एक बाई उभी होती, साठीच्या आसपासची, डोक्यावर कुटाराचं, म्हणजे मळणीतून निघालेल्या भुसकटाचं हे एवढं मोठं गाठोडं. मान हलवता येत नव्हती, म्हणून डोळे तेवढे ओटा होता त्या जागी लावलेले. मी गाठोड्याला हात लावला. जड होतं. आम्ही दोघांनी मिळून ते खाली ठेवलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग मलब्याकडे पाहून म्हणाली, "पाडला का?" मी हो म्हणालो. काहून, असं तिनं विचारलं नाही. पाणी मागितलं, प्याली, पुन्हा हात लावा म्हणाली, आणि गेली.

तिचं नाव पंचफुला. पलीकडच्या वस्तीत एकटीच राहते, बकऱ्या पाळते. या दिवसांत शेताशेतांतून उरलंसुरलं कुटार गोळा करून नेते. ऑटोवाला तेवढ्यासाठी थांबत नाही. ट्रॅक्टर आले, पिकअप आल्या, हे खरंच होतं. पंचफुलासाठी मात्र काहीच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्याही. मी ऊन कलायच्या आधीच चपला घालून दाराशी थांबायला लागलो. चहा टाकून ठेवायचो, पण ती चहा घ्यायची नाही, बकऱ्या वरडतात म्हणायची. घोटभर पाणी आणि चार शब्द. कोणत्या शेतात यंदा दाणा बारीक आला, कोणती बकरी गाभण आहे. एकदा तिनं मान वर करून छपराकडे पाहिलं आणि अजून उतानंच हाय म्हना, असं म्हणाली. मी हसलो, आणि नंतर आत आल्यावर ध्यानात आलं की किती दिवसांनी हसलो. गाठोडं उचलताना आम्ही दोघं एकदम वाकायचो, एक दोन म्हणायचो, आणि ते तिच्या डोक्यावर नीट बसलं की ती हाताच्या खुणेनं सोड म्हणायची. तेवढ्या वेळात मी कुणाच्या तरी उपयोगाचा होतो. सगळा दिवस मी त्या वेळेकडे तोंड करून बसायला लागलो. चपला पायात असायच्या, भाजी निवडताना, पेपर वाचतानासुद्धा.

मलब्याकडे पाहून आधी वाटलं होतं की काम सुरू झालं की ओटा परत बांधून घेऊ. मग वाटायला लागलं, कशाला? घर देखणं दिसतंय, बाबांचा आराखडा शाबूत आहे, आणि तिला हात लावायला मी आहेच की. एक ओटा जे करायचा ते मी करतो. हे मी स्वतःला इतकं छान समजावलं होतं की ते पंचफुलालाही एकदा बोलून दाखवलं. म्हणालो, राहू दे आता तो ओटा, तुम्ही हाक मारत जा, मी घरातच असतो.

ती गाठोड्यावर हात ठेवून उभी होती. 

"सर, रोज रोज आवाज द्याले बरं नाही वाटत," ती म्हणाली. "तुमी चांगले मानूस. पन आज तुमी घरात हाय का नाही, झोपले का काय, आवाज द्यावा का नाही, मी त्या वळनापासून तेच इचार करत येतो. तुमची माय होती तं कोनाले काही म्हनाचं कामच नव्हतं."

मग नेहमीसारखं, एक दोन. ती गेली. मी मलब्यावरच बसलो. ज्या वळणापासून ती जड मानेनं हा विचार करत यायची, त्याच वळणाकडे मी सगळी दुपार डोळे लावून बसायचो. तिचं ओझं माझी करमणूक झाली होती. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

सोयाबीन संपलं, बाजारात पोती गेली, मजूर परतले. रऊफला सांगितलं की हेच दगड घेऊन ओटा होता तसा बांधायचा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विडी पेटवली. घर नकाशाप्रमाणे करायचं का ओट्याप्रमाणे, एवढंच विचारलं. दोन्हीप्रमाणे, म्हणालो. जुन्या ओट्याचं माप कुठंच नव्हतं. बाबांच्या नकाशात तर नव्हतंच. शेवटी पंचफुलाला बोलावलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, डोक्यावर रिकामं टोपलं घेतलं, गुडघ्यात वाकली, आणि रऊफनं तिच्या खांद्यामागं पेन्सिलनं खूण केली. रऊफनं ओटा ओळंब्यात, अगदी सरळ बांधला. मायचा वाकडेपणा त्याला काही केल्या जमेना. चुना लावायची वेळ आली तेव्हा त्याची माणसं भिंत रंगवून पुढं ओट्यावर यायला लागली. मी त्यांना थांबवलं आणि वेगळं डबडं मागून घेतलं.

रस्त्यापलीकडून पाहिलं तर सावलीची पट्टी मधोमध तुटलेली दिसते. प्रज्ञानं फोटो पाहून एवढंच विचारलं, बाबा, परत? मी म्हणालो, आजीचा पण आराखडा होता.  मग ती म्हणाली, पुढच्या सुटीत येते. अजून आलेली नाही. येईल.

आता पुन्हा तेच दिवस आहेत. हडंबा मागच्या शेतात आहे, टेबलावर भुसा आहे, बेडकावर जाळीची सावली आली आहे. थोड्या वेळानं वळणावर गाठोडं दिसेल, मग त्याखालची पंचफुला. ती ओट्याला पाठमोरी होते, वाकते, गाठोडं सरकवून देते. माठातलं पाणी पिते, पदरानं मान पुसते, रस्त्याकडे बघत थोडी उभी राहते. मग डोकं घालून गाठोडं ओढून घेते आणि तिच्या चालीनं निघून जाते. तिला हाक मारावी लागत नाही. माय हे पाहून समाधानानं आत गेली असती आणि चुलीपाशी बसली असती. मलाही बरं वाटतं.

पण ती येण्याच्या वेळेला मी अजूनही चपला घालून दाराशी उभा असतो.